हे घड्याळ कुणी लावलं?

सुगंधा पाटील यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या पावसाळ्यातल्या एका मंगळवारी, सकाळी बरोबर सात वाजता. पेणच्या पलीकडच्या एका कारखान्यात त्या ठेकेदारामार्फत बागेचं काम करायच्या आणि मागच्या गेटनं एकट्याच आत जायच्या. त्या सकाळी तिथं नवं हजेरीयंत्र बसलं होतं. त्यांनी अंगठा लावला, हिरवा दिवा लागला, त्या कामाला गेल्या आणि दुपारी तीनला पुन्हा अंगठा लावून बाहेर पडल्या. आठ दिवसांनी हातात कामावरून काढल्याचं पत्र पडलं: सकाळपाळीला सतत गैरहजर, रोज रात्री आठला आत, पहाटे चारला बाहेर. आत भंगार असतं, म्हणजे आरोप चोरीचा. गावात तर त्याहून वाईट बोललं गेलं.

मी कामगारांसाठी पत्रकं लिहिते; त्याच दिवशी एक लिहिलं. मथळा, ‘कंपनीचं कारस्थान!’ छापायला देण्याआधी सुगंधाताईच म्हणाल्या, “रोह्याच्या कासमचाचांना दाखव गो. त्यांनी आखातात हीच यंत्रं बसवलीत.”

कासमचाचांना तुम्ही पाहिलेलं नाही. बारीक अंगाचा, पांढऱ्या दाढीचा माणूस, कुठल्याच घड्याळावर विश्वास नसलेला. स्टेशन असो, बँक असो, घड्याळ दिसलं की पहिला प्रश्न, “हे कुणी लावलंय?” त्यांच्या दुकानात दुरुस्त झालेल्या प्रत्येक घड्याळामागे चिठ्ठी चिकटवलेली असायची: ‘कासमने लावले.’ “चुकलं तर शिव्या कुणाला घालायच्या, ते कळाया नको?”

पत्रक वाचून ते माझ्याकडेही तसंच बघायला लागले. “कारस्थान? तू होतीस तिथं?”

“नाही. पण उघड आहे ना, चाचा.”

“तुला उघड, कंपनीला पण उघड. मग यंत्राला कोण विचारणार?” त्यांनी पत्रातल्या वेळा बोटांवर मोजल्या. सातचे आदल्या रात्रीचे आठ, तीनचे पहाटेचे चार. “बरोबर अकरा तास मागं. चल गो पत्रकवाली, ही चोरी नाय. हा प्लस हाय.”

वाटेत एसटीत त्यांनी मला समजावलं. यंत्राच्या पोटात जगाची एकच वेळ चालते, ग्रीनिचची. आपण कुठं आहोत ते यंत्राला एका ओळीत सांगायचं असतं. संगणकाच्या सी भाषेतल्या जुन्या नियमानं ती ओळ उलटी लिहितात: आपल्या वेळेत किती तास मिळवले की ग्रीनिचची येईल, ते. आपण साडेपाच तास पुढं, म्हणून तिथं मायनस साडेपाच. “समदे प्लस टाकतात, मग यंत्र ग्रीनिचच्याही साडेपाच तास मागं जातं, एकूण अकरा. आणि यंत्र चूक हाय असं बोलत नाय. गुमान घेतं.”

कारखान्यातले हजेरीचे साहेब ऐकेनात. “भारत पुढे आहे, प्लसच पाहिजे. तुम्ही बाहेरचे लोक राजकारण करता.”

“व्हय साहेब, करतो. तुम्ही फक्त अंगठा लावा.”

दुपारचे बारा वाजले होते. साहेबांनी अंगठा लावला, चाचांनी नोंद छापून मागितली. रात्री एक.

“एवढ्या रात्री मागच्या गेटला काय करत होता, साहेब?” दारातला वॉचमन तोंड फिरवून हसला.

साहेबांनी तिथल्या तिथं चिन्ह बदललं. “झालं दुरुस्त. विषय संपला.”

“आणि बाईचं पत्र?”

“ते वरून निघतं.”

परतताना नागोठणं गेल्यावर चाचा म्हणाले, “तिकडं आखातात मीच टाकलेला प्लस. कामगारांच्या कॅम्पात. एक मलबारी होता, हसरा. गैरहजर दिसला, त्याला घरी धाडला. मला चूक दिसली तवा विमान गेलेलं. सांगितलं असतं तर परत बोलावला असता. माझी नोकरी जाईल म्हणून नाय बोललो.” मग माझ्याकडे न बघता, “तवापास्नं चिठ्ठी लावतो.”

रोह्याला पोचल्यावर त्यांनी अर्ज लिहायला घेतला: सुगंधा पाटील रोज सकाळी सातलाच आल्या, यंत्र चुकीचं लावलेलं होतं, पत्र मागे घ्या. खाली सही केली आणि शेजारी लिहिलं, ‘हीच चूक मीही केली आहे.’ मी माझ्या पत्रकातलं ‘कारस्थान’ खोडलं. प्लस टाकणारा चुकला असेल, मान्य. पण चूक दिसल्यावरही जे पत्र मागे घेत नाहीत, ते नुसते चुकले, असं मी म्हणणार नाही.

थंडी सुरू होताना चाचा गेले. दफनाहून आलेल्या माणसांनी दुकान उघडलं तेव्हा सगळी घड्याळं चालू होती, प्रत्येकामागे त्यांचं नाव. कारखान्यातल्या यंत्रामागे आजही कुणाचं नाव नाही. सुगंधाताई अजून घरी आहेत. बाजारात गेल्या की बायका विचारतात, “काय गो, आज दिवसाची आलीस?”

तो अर्ज सह्या गोळा करायला चाचांच्या दुकानातल्या टेबलावर, काचेखाली ठेवलाय. त्यांच्या सहीखाली पान कोरं आहे. तुम्हीही कुठल्या ना कुठल्या गेटवर रोज अंगठा लावता. या, आणि सही करा. शेजारी वेळ लिहा, स्वतःच्या हातानं.