बाईंच्या डोळ्यांखालची वर्तुळं

"फोटो चांगला आलाय, पण बाई फारच बऱ्या दिसतात," सेक्रेटरी म्हणाले.

प्रिंट अजून ओला होता. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त हेडमास्तर. कॅन्सरच्या पेशंटना मुंबईला पाठवणारं एक लहानसं मंडळ ते कुडाळात चालवत. तिकीट, राहायची सोय, हॉस्पिटलात सोबत, असं सगळं मंडळ बघायचं. देणग्यांसाठी पोस्टर छापायचं होतं. त्यावर नेरूरकर बाईंचा फोटो, आणि फोटोग्राफर मी.

बाई वालावलच्या शाळेत शिकवायच्या. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या स्तनाचं ऑपरेशन झालं होतं. ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कॅन्सर हा शब्द तेव्हा घरातसुद्धा हळू आवाजात बोलत. बाई मात्र रविवारी एसटीने गावोगाव जायच्या. गाठ लपवून बसलेल्या बाईच्या शेजारी बसायच्या आणि सांगायच्या, "माका बघ. सहा वर्सां झाली." पुष्कळ जणी तेवढ्यावर मुंबईला जायला तयार व्हायच्या.

फोटोला त्या इस्त्रीची साडी नेसून, अबोलीचा वळेसर माळून आल्या होत्या. मोकळं हसल्या होत्या. हे बघून मदत कोण करणार, असं सेक्रेटरींना वाटत होतं. बाईंना पुन्हा बोलवू, जरा गंभीर बसवू, असं ते म्हणाले. तसं केलं असतं तर बाईंनीच काय ते सांगितलं असतं. पण मी म्हटलं, "कशाला त्यांना हेलपाटा? मी निगेटिव्हवर करून देतो."

याला रिटचिंग म्हणतात. निगेटिव्हमध्ये सगळं उलट असतं. तिच्यावर पेन्सिल फिरवली की फोटोत तेवढा भाग उजळ होतो. देवीचे व्रण, सुरकुत्या आम्ही अशाच घालवायचो. काळं करायचं असेल तर बारीक ब्लेडने निगेटिव्ह खरवडावी लागते. हे काम कठीण. एकदा खरवडलं की परत भरून येत नाही.

दुपारभर खिडकीशी बसून मी बाईंच्या डोळ्यांखाली वर्तुळं काढली. गाल आत घेतले. ओठांचे कोपरे खाली ओढले. वळेसर फ्रेमबाहेर ठेवला. नवा प्रिंट सेक्रेटरींनी उजेडाकडे नेऊन नीट बघितला. मग त्यांनी विचारलं, बाईंना एकदा दाखवायचा का? मी म्हटलं, छापून झाल्यावर दाखवू. खरं सांगायचं तर मला माझ्या हाताचा अभिमान वाटत होता.

पोस्टरं एसटी स्टँडवर आणि दवाखान्यांत लागली. देणग्या आल्या. सेक्रेटरी खूश, मी खूश.

महिन्याभराने बाई स्टुडिओत आल्या. मी खुर्ची दिली. पोस्टर बघितलंत का, असं विचारणार होतो, पण त्यांचा चेहरा बघून विचारलं नाही.

त्या चिडल्या नव्हत्या. शाळेत हिशेब चुकलेल्या मुलाला समजवावं तशा सांगू लागल्या. मसुऱ्याच्या सुनंदा नावाच्या बाईला त्यांनी महत्प्रयासाने तयार केलं होतं. मुंबईची तारीख ठरली होती. तिच्या नवऱ्याने स्टँडवर पोस्टर पाहिलं. घरी जाऊन म्हणाला, ती मास्तरीण बघ, महिन्यात काय झाली. मंडळानेच छापलंय म्हणजे खोटं कसं असेल? सुनंदाने जायला नकार दिला. बाई पुन्हा गेल्या, तर दार उघडलं, पण आत कोणी बोलावलं नाही. बाई आजार लपवतात, आता त्यांचे थोडेच दिवस राहिलेत, असं गावात झालं होतं.

एरवी माझ्याशी शुद्ध बोलणाऱ्या बाई मग मालवणीत म्हणाल्या, "'माका बघ', ह्या एका सांगण्यार माझा सगळा काम चालता. तुमी ताच पुसून टाकलात."

मी पोस्टरं काढून घेतो म्हटलं, नवा फोटो फुकट काढतो म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ता मगे बघूया. आधी माझ्यावांगडा मसुऱ्याक येवा. काय केलात ता तुमीच सांगा."

गेलो. सुनंदाच्या अंगणात उभा राहून तिच्या नवऱ्याला सगळं सांगितलं. निगेटिव्ह नेली होती, ती उन्हासमोर धरून खरवडलेली जागा दाखवली. त्याने निगेटिव्ह बघितली, बाईंकडे बघितलं.

"कोणी सांगल्यान तुमका असा करूक?"

"कोणी नाय."

"मगे कित्याक केलात?"

काम छान दिसावं म्हणून, हे खरं उत्तर होतं. तिथे, त्या अंगणात, ते माझ्या तोंडातून निघालं नाही. दारामागे सुनंदा उभी होती. तिने पदराने अंग गच्च आवळून घेतलं होतं. मी तिच्याकडे बघू शकलो नाही.

त्या दिवशी ती हो म्हणाली नाही. बाई जात राहिल्या. शेवटी ठरल्या तारखेनंतर चार महिन्यांनी ती मुंबईला गेली. ऑपरेशन झालं. दोन वर्षांनी ती वारली. त्या चार महिन्यांचा त्यात किती वाटा होता, हे मी कुठल्याही डॉक्टरला विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही, हेच खरं.

बाई पुढे खूप वर्षं जगल्या आणि रविवारी फिरत राहिल्या. माझ्याशी नीट वागल्या. पण फोटोला पुन्हा कधी बसल्या नाहीत.

त्यानंतर मी गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय त्याच्या चेहऱ्यावर साधी मुरुमाची खूणही पुसली नाही. लग्नाळू मुलींचे वडील या विचारण्याला कंटाळत. त्यातले बरेच दुसऱ्या स्टुडिओत गेले.