लाखनीतून पाहिलेली समुद्राची खोली

माझ्या दुकानात दोन गोष्टींचा ढीग कधी कमी होत नाही: लोकांनी विसरून गेलेल्या आधार कार्डांच्या झेरॉक्स आणि देवाजीभाऊचे किस्से. झेरॉक्स मी दर दिवाळीला फाडून टाकतो. किस्से फाडता येत नाहीत. एक सांगून संपला की शेजारचा हेमराज म्हणतो, "तो परखीवाला राह्यला ना बे," आणि दुसरा सुरू होतो. म्हणून म्हटलं, एकदा सगळे उपसून ठेवावेत.

दुकान लाखनीला, हायवेला लागून. सातबारा, पीकविमा, पॅनकार्ड, रेल्वेचं तिकीट, जे काही ऑनलाइन असेल ते मी काढून देतो. बाजूला हेमराजचा ढाबा. आणि माझ्याकडे गिऱ्हाइकासाठी जी एकुलती एक खुर्ची आहे, तिच्यावर देवाजीभाऊ. खरं गिऱ्हाईक उभं राहतं.

भाऊ धानाचा व्यापारी. शेतकऱ्याने पोतं उघडून दाखवलं तर भाऊ तिकडे बघतही नाही. "वरचा दाना कोनीबी चांगला ठेवते," म्हणतो आणि परखी काढतो. परखी म्हणजे पोत्यात खुपसायची टोकदार लोखंडी नळी. ती तळापर्यंत घालायची, तळचा दाणा काढायचा, दाताखाली फोडायचा, मग भावाचं बोलायचं. तीस वर्षांत भाऊला कोणी फसवलेलं नाही. म्हणून त्याला सगळं जग पोतंच वाटतं.

*

हा किस्सा वहिनीच सांगतात. सुलोचनावहिनी आंबागडच्या. भाऊ त्यांना पाहायला गेला तेव्हा समोर पोह्यांची बशी आली. वर खोबरं, कोथिंबीर, सगळं साजरं. भाऊने बशी खाली ठेवली, आतल्या पातेल्याकडे बोट केलं आणि सासऱ्यांना म्हणाला, "मले गंजातले तळचे पोहे द्या."

सासरे म्हणाले, "काहून जी?"

"वरचे पोहे पावन्यासाठी असतेत. तळचे घरच्यासाठी. मले घरचा मानूस व्हाचं आहे."

तळचे पोहे आले. थोडे करपले होते. भाऊने सगळे खाल्ले आणि लग्नाला होकार दिला. वहिनी म्हणतात, "मले वाटलं, मानूस हुशार आहे. हे जन्मभर चालन हे कोनाले मालूम होतं?"

*

तीस वर्षांत वहिनींनी भाऊकडे एकच गोष्ट मागितली. मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉटेलात, समुद्र दिसेल अशी खोली. एक दिवस. त्यांच्या वडिलांनी लहानपणी त्यांना आंबागडच्या किल्ल्यावर नेलं होतं आणि खालचं जंगल दाखवून सांगितलं होतं की समुद्र असाच असतो, फक्त हलतो. ते तेव्हापासून डोक्यात होतं.

पहिल्यांदा मागितलं ते लग्नाला दहा वर्षं झाली तेव्हा. दुसऱ्यांदा वीस झाली तेव्हा. यंदा तीस. माघात, धानाचा हंगाम आटोपल्यावर, आम्ही तिघं ढाब्यावर बसलो होतो तिथे वहिनी आल्या आणि आमच्यासमोर म्हणाल्या, "तिसऱ्यांदा सांगून राहिली. चौथ्यांदा नाही सांगनार."

आवाज चढला नव्हता. म्हणूनच मला भीती वाटली. मागणारं माणूस परवडतं; मागणं सोडून दिलेल्या माणसाबरोबर एका घरात राहणं कठीण असतं.

भाऊलाही ते कळलं असावं. म्हणाला, "उन्हाळी धान निघाच्या आत नेतो. हे दोघं साक्षीला आहेत."

*

दुसऱ्या दिवशी भाऊ माझ्या कॉम्प्युटरसमोर. मी मुंबईची एकेक हॉटेलं उघडून देत होतो. म्हटलं, भाऊ, नुसती खोली नको, स्वीट घ्या. बसायची खोली वेगळी, झोपायची वेगळी.

"वेगळी काहून? मधात दार कायले पाह्यजे?"

"मोठ्या लोकांची पद्धत असते."

"दार असते तिथं काहीतरी झाकलेलं असते," भाऊ म्हणाला. "हा फोटो कोनं काढला?"

"हॉटेलवाल्यानं."

"मंग झालं."

पलंगावर टॉवेलची दोन बदकं करून ठेवली होती. माझ्या बायकोला ती फार आवडली असती. भाऊ चष्मा वर करून स्क्रीनच्या इतका जवळ गेला की काचेवर वाफ धरली. "हे बदक बरोबर इथंच काहून बसवलं? याच्या खाली डाग असन."

मी म्हटलं, लोकांनी काय लिहिलंय ते वाचू. एकाने लिहिलं होतं, स्वर्ग आहे. भाऊ म्हणाला, हॉटेलचाच माणूस. दुसऱ्याने लिहिलं होतं, जेवण थंड, माणसं उर्मट, पुन्हा येणार नाही. मला वाटलं, आता तरी पटेल.

"हा बाजूच्या हॉटेलचा," भाऊ म्हणाला.

*

मग फोन करायचं ठरलं. पलीकडे एक मुलगी होती. आवाज इतका गोड की हेमराज गल्ल्यावरून उठून ऐकायला आला. "नमस्कार सर, मी आपली काय मदत करू शकते?"

भाऊने फोनवर हात ठेवला. "एवढी गोड बोलते म्हंजे माल पडून आहे." मग हात काढून विचारलं, "म्याडम, तुमची सगळ्यात खराब खोली कोनती?"

"सॉरी सर?"

"खराब खोली. जे तुमी कोनाले दाखवत नाही. तिचा फोटो पाठवा. ते पसंत पडली तं बाकीच्या पाहाचं कामच नाही."

मुलगी फार अदबीने म्हणाली, "सर, आमच्याकडे खराब खोली नाहीये."

भाऊने फोन ठेवला. "एकबी खराब पोतं नाही असा व्यापारी मी आजवरी पाह्यला नाही," म्हणाला आणि वहीत त्या हॉटेलवर काट मारली.

*

त्या वहीत अकरा हॉटेलं होती. होळीपर्यंत दहा कटली. एकाच्या लिफ्टला आरसा होता म्हणून, एक फुकट नाश्ता देत होतं म्हणून. राहिलं एक. त्याला समुद्र लागून होता, निदान नकाशात तरी. भाऊने माझ्या स्क्रीनला पट्टी लावून अंतर मोजलं. पण नकाशाही कोणीतरी काढलेलाच असतो.

तेवढ्यात हेमराजच्या ओळखीचा बंडू ड्रायव्हर तांदूळ घेऊन मुंबईला निघाला होता. भाऊने त्याला हॉटेलचा पत्ता दिला. "जाऊन पाहा, समुद्र आहे का नाही. कोनाले सांगू नको कोनं पाठवलं."

आठ दिवसांनी बंडू परत आला. आम्ही सगळे ढाब्यावर जमलो. मी तर देवाला हात जोडले होते, कारण फाल्गुन संपत आला होता आणि वहिनी आता ढाब्यावरून जाताना आमच्याकडे बघत नव्हत्या.

"आहे भाऊ, समुद्र आहे," बंडू म्हणाला. "गेटवरूनच दिसते. हॉटेल एक नंबर. वाचमन तं एवढा चांगला मानूस, मले बसवलं, चहा पाजला."

भाऊचा चेहरा बदलला.

"चहा काहून पाजला?"

अकरावं हॉटेल कटलं.

*

आता हेमराज ज्याची वाट बघतो तो परखीचा किस्सा.

मी भाऊला म्हटलं, मुंबई लांब आहे. आधी नागपूरच्या एखाद्या मोठ्या हॉटेलातला स्वीट बघून या, म्हणजे अंदाज येईल. भाऊला हे पटलं, कारण यात नमुना काढण्यासारखं काहीतरी होतं. हेमराजची गाडी काढली. वहिनीही आल्या, ठेवणीतली मोरपंखी साडी नेसून. लाखनी ते नागपूर त्या खिडकीतून बाहेर बघत होत्या, आणि मध्येच कधीतरी स्वतःशीच हसल्या. ते मी आरशात पाहिलं.

हॉटेलच्या दारात बॅग तपासायचं मशीन. भाऊची पिशवी आत गेली आणि मशीन थांबलं. दोन सिक्युरिटीवाले आले. मग तिसरा आला. त्याने पिशवीतून हातभर लांब, टोकदार लोखंडी नळी बाहेर काढली.

"ये क्या है?"

"परखी," भाऊ म्हणाला.

"किसलिए?"

"गादी पाहाले."

त्याने बाकीच्या दोघांकडे बघितलं. "मतलब?"

"वरून सगळ्याच गाद्या मऊ असतेत जी. आत काय भरलं ते पाहा लागते."

मॅनेजर आला. चांगला माणूस होता, पोलिसांना बोलावलं नाही. पण स्वीट दाखवायला त्याने हात जोडून नकार दिला. तो आणि भाऊ अर्धा तास वाद घालत होते. हेमराज मधून मधून हिंदीत समजावत होता, मी मान खाली घालून उभा होतो. त्या अर्ध्या तासात वहिनी लॉबीतल्या सोफ्यावर बसून होत्या. पर्स मांडीवर, पाठ सरळ. समोर काचेचं कारंजं होतं, त्याकडे बघत होत्या.

परतताना लाखनीच्या जवळ आल्यावर वहिनी म्हणाल्या, "सोफा चांगला होता."

मला फार वाईट वाटलं. भाऊलाही वाटलं असेल, पण त्याने परखीचं टोक वाकडं तर झालं नाही ना, तेच तपासलं.

*

त्यानंतर चार दिवसांनी वहिनी एकट्याच दुकानात आल्या. दुपारची वेळ, भाऊ एकोडीला धान पाहायला गेला होता. वहिनी त्या खुर्चीवर बसल्या आणि आधार कार्ड टेबलावर ठेवलं.

"विनूभाऊ, मले खोली दाखवा."

मी तेच अकरावं हॉटेल उघडलं, चहा पाजणाऱ्या वॉचमनचं. त्यांनी पलंग पाहिला नाही, बदकं पाहिली नाहीत, रिव्ह्यूचं तर नावच नाही. एकच विचारलं.

"खिडकीजवळ बसाले खुर्ची आहे का?"

"दोन आहेत."

"मंग हेच."

किती माणसांसाठी, असं कॉम्प्युटर विचारत होता. मी थांबलो. वहिनी म्हणाल्या, "दोन लिवा. तिकिटंबी दोन."

सगळं मिळून दहा मिनिटं लागली. भाऊने दोन महिने घेतले होते.

निघायच्या आदल्या संध्याकाळी वहिनींनी दोन्ही तिकिटं भाऊसमोर ठेवली. भाऊने ती उलटी करून मागची बाजू बघितली. मग विचारलं, "हे विनूनं काढले? त्याले यात काय भेटते?"

हे मला हेमराजकडून कळलं. खोटं कशाला बोलू, लागलं मला. पंधरा वर्षं माझ्या खुर्चीवर बसलेला माणूस. मी ठरवलं, आता हा आला की खुर्ची आत उचलून ठेवायची.

भाऊ गेला नाही. त्याला वाटलं, वहिनी नागपूर स्टेशनवरूनच परत येतील. वहिनींच्या भाच्याने त्यांना गाडीत बसवून दिलं आणि गाडी सुटल्यावर भाऊला फोन केला.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास भाऊ दुकानात आला. मी खुर्ची उचलली नाही. त्याने दाढी केलेली नव्हती, शर्टाचं बटण वरखाली लागलं होतं. म्हणाला, "आधारची झेरॉक्स पाह्यजे." मी काढून दिली. ती त्याने बघितलीसुद्धा नाही. बसून राहिला.

हेमराज चहा घेऊन आला. तेवढ्यात भाऊचा मोबाइल वाजला. वहिनींनी फोटो पाठवला होता. नुसता फोटो, खाली एक अक्षर नाही.

भाऊने मोबाइल माझ्यासमोर धरला. "मोठ्यावर लाव."

मी कॉम्प्युटरवर लावला. मोठी काच, काचेपलीकडे पाणी, पार आभाळापर्यंत. हेमराज म्हणाला, "अबे, हालून राहिल्यासारखंच वाटते."

"तलाव असन," भाऊ म्हणाला.

"एवढा मोठा तलाव?"

भाऊने खुर्ची पुढे ओढली. त्याचं बोट स्क्रीनवरून सरकत होतं. पडदा बघितला, काचेचे कोपरे बघितले. खिडकीजवळ दोन खुर्च्या होत्या. एकीवर वहिनींची पर्स. मध्ये लहान टेबल, आणि तिथे बोट थांबलं.

"आनखी मोठं कर."

मी केलं.

टेबलावर चहाचे दोन कप होते. दोन्ही भरलेले.

भाऊ बराच वेळ बघत राहिला. "विनू," तो म्हणाला, "दुसरा कप कोनाचा?"

"मला काय माहीत. विचारा त्यांना."

भाऊला मोबाइलवर लिहिता येत नाही असं नाही, पण एका बोटाने लिहितो. आम्ही दोघं उभे होतो, तो लिहीत होता. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी पाठवलं: दुसरा कप कोनाचा.

उत्तर लगेच आलं. भाऊने ते वाचलं आणि मोबाइल टेबलावर ठेवला, म्हणून आम्हालाही दिसलं.

"तुमचा. थंडा होऊन राहिला."