कोटांच्या खिडकीवर आलेले अप्पा

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आमच्या उदगीरला कुणाला काही 'दिसलं' की मी विचारायचो, "जेवला होतास का?" तेव्हा कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा...

व्हिएन्नाला एमएस करत होतो. दर शनिवारी सकाळी म्युझियम, दुपारी ऑपेरा, हा माझा नेम. उभं राहून बघायचं तिकीट विद्यार्थ्याला परवडतं. मग रविवारी फोनवर अप्पांना सगळं सांगायचं. अप्पांची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत; सगळा जन्म लिलावात ओरडण्यात गेलेला. त्यांना एकच नवल — "माईक न्हाई म्हणतोस, अन् मागच्याला ऐकू येतंय?"

आम्ही वीरशैव लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग झोपेतसुद्धा अंगावेगळं करत नाहीत. त्या शनिवारी म्युझियमच्या दारात लिंगाच्या चांदीच्या डबीमुळं तपासणीचं मशीन वाजलं. मागे रांग, सगळे बघतायत... मला लाज वाटली. गळ्यातली डबी काढून कोटाच्या खिशात कोंबली आणि कोट जमा करायच्या खिडकीवर तो देऊन टोकन घेतलं. लिंग अंगावेगळं केलं, आयुष्यात पहिल्यांदा.

दोन तासांनी टोकन पुढं केलं, तर खिडकीवरची म्हातारी बाई माझ्याकडे बघतच राहिली.

"टोकन तर तुमच्या वडिलांनी दिलं ना मघाशी?" ती इंग्रजीत म्हणाली. "थंडीनं कुडकुडत होते. मी कोट दिला, तर त्यांनी खिशातून छोटी डबी काढली आणि..."

तिनं डावा तळहात छातीसमोर धरला आणि त्याकडे टक लावून पाहिलं. आम्ही पूजेला बसतो तेव्हा लिंग असंच धरतो. तिथं हे कुणाला माहीत असणार?

"अंगात पातळ हिरवा झगा होता. अनवाणी होते. मग सगळं परत ठेवून, कोट माझ्याकडे देऊन गेले."

हे ऐकून उलट माझा जीव भांड्यात पडला. अप्पा आणि हिरवा झगा? पांढऱ्या धोतराशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. कुणीतरी वेडा असेल, बाईचा काहीतरी घोळ झाला असेल, असं म्हणून कोट घेतला आणि खिशातली डबी गळ्यात घातली. थेट ऑपेराला गेलो. तिथल्या नियमाप्रमाणे फोन बंद केला.

बाहेर येऊन फोन सुरू केला, तर आईचे अकरा मिस्ड कॉल.

अप्पांना लातूरला दवाखान्यात नेलं होतं. हृदयाचं ऑपरेशन. माझी परीक्षा म्हणून त्यांनीच कुणाला सांगू दिलं नव्हतं.

"दुपारपासून हिरवा झगा घालून बसवलं होतं रे," आई रडत सांगत होती. "आत न्यायचं म्हणून लिंग पण काढून माझ्यापाशी दिलं. मग नुसता रिकामा हात धरून बसले, असा छातीम्होरं."

पंधरा दिवसांनी मी उदगीरहून परत आलो आणि पुन्हा त्या खिडकीवर गेलो. बाईनं तेच सांगितलं, एक शब्दही बदलला नाही. टोकन एकच होतं आणि ते पूर्ण वेळ माझ्या खिशात होतं. डोकं फुटायची वेळ आली, पण याचा उलगडा मला आजही होत नाही... आणि खरं सांगू, त्याचं मला तेवढं काही वाटतही नाही.

माझा जीव दुसरीकडेच अडकलाय. आत नेण्याआधी अप्पांनी आईला मला फोन लावायला सांगितलं होतं. अकरा वेळा लावूनही लागला नाही.

"मग म्हणले, राहू दे," आईनं सांगितलं. "लेकरू गाणं ऐकत असंल."

अप्पा ऑपरेशनमधून उठलेच नाहीत.