गयामावशींचा फोनचा धडा

गयामावशींच्या वर्गात वही उघडलेली चालत नसे. भिंगारच्या जुन्या बाजारामागे त्यांची एक खोली होती. तिथे दुपारी आम्ही आठ-दहा बायका जमायचो. त्या आम्हाला जोडीजोडीने समोरासमोर बसवत. एकीने भाजीवाली व्हायचं, दुसरीने गिऱ्हाईक. पिशवीतली वांगी खरी, कोथिंबीर खरी, घासाघीस मात्र इंग्रजीत. कोणी अडली की म्हणायच्या, "चुकलं तरी चालंल. गप नका बसू."

मावशी मूळच्या तिसगावच्या, सातवी शिकलेल्या. मुलगा गेल्यावर त्या भिंगारला आल्या आणि लष्करातल्या एका साहेबांची मुलं सांभाळू लागल्या. त्या मुलांशी बोलून बोलूनच त्यांनी इंग्रजी उचललं. व्याकरण लंगडं, पण बोलताना कधी डगमगत नसत. दुकान, बँक, दवाखाना, सगळे संवाद त्यांनी आमच्याकडून करून घेतले. फोनचा तेवढा टाळला. मला फोनवर मुलाखत द्यायची होती, म्हणून मी हट्टच धरला. दोन दिवस त्यांनी विषय बदलला. तिसऱ्या दिवशी बाकीच्या गेल्यावर मला थांबवून घेतलं.

त्यांचा मुलगा सुनील ट्रकवर होता. चेन्नईकडे अपघात झाला आणि तिथल्या दवाखान्यातून गावातल्या दुकानावर फोन आला, इंग्रजीत. मावशींना बोलावून आणलं.

"मला येत हुतं तेवढंच बोल्ले," त्या म्हणाल्या. "येस, येस, थँक्यू. आन् ठिवून दिला."

नंबर कोणी टिपला नव्हता. पत्ता लागून त्या पोचेपर्यंत चार दिवस गेले. सुनील आदल्या दिवशी गेला होता.

एवढं सांगून त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या. "आता तू दवाखाना. कर फोन."

मी कशीबशी सुरुवात केली. त्यांनी सगळं नीट विचारून घेतलं, कुठला दवाखाना, कुठला वॉर्ड. मग जरा थांबून, "इज माय सन अलाइव्ह?"

खरं उत्तर मला ठाऊक होतं. तरी मी म्हणाले, "येस, मॅडम. ही इज वेटिंग फॉर यू."

मग "टेल हिम, आय अ‍ॅम कमिंग," इतकंच म्हणाल्या आणि उठून चहा ठेवला.

मला नोकरी लागली. पुढच्या थंडीत मावशी वारल्या. मी भेटायला गेले तेव्हा त्यांची भाची म्हणाली, "शेवटचे दोन दिवस आत्या इंग्रजीतच बोलत हुती. कुनाशी, ते काय कळलं न्हाई."

मी उठून चहा ठेवला.