धावजीच्या नावाचा घास

पुसदजवळच्या तांड्यात दिवाळीला धबुकार होतो. मेलेल्यांची नावं घेऊन निखाऱ्यावर लापशी-तूप घालायचं. धूर निघाला की ते जेवले. मानीबाईच्या घरी आजा-पणजा सगळे जेवत. बाप तेवढा उपाशी.

बाप धावजी इंग्रजांच्या लढाईत खेचरं हाकायला गेला, तेव्हा मानीबाई पोटात होती. तो मेल्याचा कागद आला, तर आईनं, गंगीनं, तो चुलीत घातला. "मी त्याले मेलेला पाह्यला का? त्याच्या मरणाचा ठिकाणा डोळ्यानं पाहाल, तवाच जेवाले बोलवा." मरतानाही तिनं लेकीकडून हेच वचन घेतलं. मानीबाई एकुलती, घरजावई आणून आईपाशीच राहिलेली.

गंगी रोज सांजेला दाराबाहेर पाण्याचा गडवा झाकून ठेवायची. सकाळी तो अर्धा. ती गेल्यावर मानीबाई ठेवू लागली. तरी अर्धाच.

"कुत्रं पेत असन, याडी," सून रंजिता सासूला म्हणे.

"पेते ना. अन् झाकण पुन्हा लावून जाते. भल्या घरचं कुत्रं दिसते."

असं हसून बोलायची, पण दिवेलागणीनंतर त्या दाराकडे पाठ करून कधी बसली नाही.

नातू शाम फौजेत. त्याची बदली इंफाळला झाली, आणि तिथल्या लढाईतल्या शिपायांच्या कबरस्तानात त्याला पणज्याचं नाव सापडलं. ऐंशी ओलांडलेली मानीबाई लापशीचा डबा मांडीवर धरून विमानात बसली.

हिरवंगार गवत, रांगेनं दगड. एवढी माणसं, अन् आवाज कोणाचाच नाही. सगळे उठून बसले अन् आपल्याकडंच पाहून राह्यले, असं तिला वाटलं. पहिल्याच दगडापाशी तिनं बसकण मारली, घास ठेवला. "बापू, मी मानी. तू पाह्यली नाहीस मले."

"दादी, हा मुसलमान शिपाई हाय," शाम कुजबुजला. "आपला पणजा तिकडं."

"राहू दे घास. शेजारीच ना? निरोप सांगन."

जाळलेल्या शिपायांना कबर नव्हती. भिंतीवर नुसती नावं कोरलेली. शामनं तिचं बोट अक्षरांच्या खाचेत ठेवलं. वाचता येत नव्हतं. बोट मात्र गार पडलं.

"जाळलं त्याले? नक्की?"

"हो, दादी."

"मले वाटे, जंगलातच पडला असन. आग लागली ना? मंग आगीची वाट त्याले ठाऊक हाय."

तरी दिवाळीला निखाऱ्यांपुढं तिचा हात अडला. नाव घेतलं की आईचं एवढ्या वर्षांचं वाट पाहणं संपणार. तूप हातातच थिजायला लागलं. मग ती हळूच म्हणाली, "धावजी, ये, जेव." धूर उठला आणि सरळ दाराकडं गेला.

सांजेला सवयीनं गडवा ठेवला. सकाळी झाकण तसंच, पाणी काठोकाठ.

"आज कुत्रं आलं नाही वाटते," रंजिता म्हणाली.

"नाही येणार आता."

मानीबाई उंबरठ्यावर बसली, पदर तोंडात कोंबला आणि कालच बाप मेल्यागत रडली.