परत येणारी भाजी

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नाही, आणि मीसुद्धा आजवर परीक्षेत विचारलं तेवढंच लिहीत आलो. शिवाय ज्यांच्याबद्दल लिहायला बसलो आहे त्या काकूंना हे कळलं, तर त्या म्हणतील, "माह्यावर लिवून राह्यला? दुसरं काही काम नाही काय रे तुले?" पण यवतमाळला मेसवर जेवून शिकलेली मुलं पुष्कळ आहेत. त्यांतल्या अनेकांना अशा एखाद्या काकू भेटल्या असतील. त्यांच्या भरवशावर लिहितो.

काकू कोहळ्याशी बोलत. आमच्याकडे लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात. सणाला कोहळ्याची भाजी करायची ठरली, की काकू भिंतीशी मांडलेल्या कोहळ्यांपुढे बसत, एकेक मांडीवर घेत, बोटाच्या पेरानं ठोकत आणि कान लावून ऐकत. "तू नाही. तू अजून झोपेत हायेस." मग दुसरं. "तुले काय झालं रे बाप्पा? आतून पोकळ वाटून राह्यलास." एकदा मेसवरचा ढाणकीचा संदीप दाराआड लपून बारीक आवाजात म्हणाला, "काकू, मले कापू नका." काकू दचकल्या नाहीत. कोहळ्याला थोपटत म्हणाल्या, "तुले नाही कापत बेटा. तुह्या वतीनं जो बोलून राह्यला ना, त्याले कापते." संदीपला त्या दिवशी कांदे चिरावे लागले.

काकूंना मुलांची नावं लक्षात ठेवायचा कंटाळा होता. ज्या गावचा मुलगा तेच त्याचं नाव. संदीप म्हणजे "ढाणकी", मी "घाटंजी". माझं खेडं घाटंजीपासून आत आहे, पण एवढा तपशील काकूंना नको असायचा. "ए घाटंजी, ढाणकीले पोळी दे" असं त्या ओरडल्या, की नवीन मुलगा नकाशा आठवत बसायचा.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडं किडत, भाव पडत, आणि घरून येणाऱ्या प्रत्येक मुलाचं तोंड सारखंच दिसे. पण शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, आमच्या आयांनी टोचलेल्या कोहळ्यांच्या वेलांना हे काहीच माहीत नव्हतं. कापूस गेला त्या वर्षी कोहळी दणकून आली. मुलं गावाहून परत येताना हातात काहीतरी असावं म्हणून कोहळं आणत. काकूंच्या घरी खाटेखाली, माळ्यावर, शिलाई मशीनच्या पायडलवर कोहळी बसलेली असत. काकू कोणालाही नाही म्हणाल्या नाहीत. फक्त एकदा संदीप पोत्यात घालून एक आणि काखेत एक घेऊन आला, तेव्हा म्हणाल्या, "काहून रे, तुह्या बापानं तुले शिकाले पाठवलं का कोहळ्यायले?"

काकूंचे यजमान कापसाच्या जिनिंग कारखान्यात मुनीम होते. कापसाची आवक आटली, जिनिंग बंद पडली, आणि पुढे थोड्याच दिवसांत काकाही गेले. काकूंनी समोरच्या खोलीत सतरंज्या टाकल्या आणि मेस सुरू केली. सासरची माणसं घाटंजीला. थोरले दीर तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, आणि थोरल्या जाऊबाई म्हणजे मोठ्या बाई. सासरच्या महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, त्यांच्याच घरी बसत. आपल्या घरातली सून पैसे घेऊन लोकांना जेवू घालते, हे मोठ्या बाईंना पटलं नाही. भांडण झालं नाही. फक्त महालक्ष्म्यांचं बोलावणं बंद झालं.

काकूंना त्याचं फार लागलं होतं. त्या बोलत नसत, पण लग्न होऊन आल्यापासून महालक्ष्म्यांच्या नैवेद्यातली कोहळ्याची भाजी त्यांच्या हातची असे. ताटात बाकी काहीही कुणाचंही असो, त्या एका वाटीपुरतं ते घर त्यांचं होतं. म्हणून बोलावणं आलं नाही तरी भाजी पाठवायची, असं त्यांनी ठरवलं. माझ्या पहिल्या वर्षी हे काम माझ्याकडे आलं, कारण माझं नावच घाटंजी होतं.

आता आमच्याकडे बायका अखंड कोहळं कापत नाहीत. घरातल्या पुरुषानं पहिली सुरी लावायची, मग पुढचं बाईनं पाहायचं. काकूंच्या घरी पुरुष म्हणजे आम्ही. महालक्ष्म्यांच्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्या हाती सुरी दिली. मी घरी कधी स्वयंपाकघरात पाय ठेवला नव्हता. मी जोरात सुरी मारली आणि ती अर्ध्यात अडकली. ओढली, तर सुरीबरोबर कोहळंही वर आलं. मी ते तसंच हातात धरून उभा राहिलो, गदा घेतल्यासारखा.

"मारोतीराया, खाली ठेव," काकू म्हणाल्या. "लंका मंग जाळजो."

भाजी मात्र त्या कुणाला करू देत नसत. साल ठेवून मोठ्या फोडी, तेलात मोहरी आणि मेथीदाणा, सुक्या मिरच्या, हिंग, वाटलेली खसखस आणि भाजलेलं खोबरं, शेवटी आमचूर. गूळ नाही. गुळाचं नाव काढलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडे. "त्याले देवानं गोड केलंच हाये ना? आपण तिखट-आंबट द्याचं, मंग जमते दोघायचं." भाजी चमच्यानं ढवळायची नाही, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवायचं. "कोहळं म्हणजे जावई हाये. मांगं मांगं केलं तर फुगून बसते, आन् लक्ष नाही देल्लं तर करपते."

मी एसटीनं घाटंजीला गेलो. मांडीवर डबा, डब्यावर फडकं. मोठ्या बाई दारातच भेटल्या. उंच, कडक इस्त्रीची साडी, कपाळावर मोठं कुंकू. मी घाबरत घाबरत डबा पुढे केला. त्यांनी डब्याला हात लावला नाही. विचारलं, "तिच्या घरी तं कोणी पुरुष नाही. कोहळ्याले सुरी कोणं लावली?"

"मी," मी म्हणालो.

त्यांनी मला वरून खाली पाहिलं. "कोणाचा कोण पोट्टा, आन् त्याच्या सुरीची भाजी मी महालक्ष्मीपुढं ठेवू?"

मला वाटलं, आता निघावं. पण त्याच आवाजात त्या पुढे म्हणाल्या, "चप्पल काढ. हातपाय धुवून घे. सणाच्या दिवशी माह्या दारातून उपाशी जाशीन काय?" त्यांनी मला बाहेरच्या खोलीत पाटावर बसवून वाढलं. नको नको म्हणेपर्यंत वाढलं. आणि पुरणपोळीवर तूप ओतताना, जणू सहज, विचारलं, "तिचे गुडघे कसे हायेत आता?"

डबा भरलेलाच परत आला. मी काकूंना सगळं जसंच्या तसं सांगितलं, कारण दुसरं काय सांगावं ते मला सुचलं नाही. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं असं वाटलं. मग त्यांनी एकदम विचारलं, "तिनं कोहळं कसं केलतं?"

"गोड होतं."

"गूळ?"

"हो. बराच."

काकूंचा चेहरा उजळला. "पाह्य! मी नसली की असंच होते तिथं!" मग त्यांनी परत आलेला डबा उघडला आणि सुटीत घरी न गेलेल्या सगळ्या मुलांना ती भाजी वाढली. तशी भाजी आम्ही जन्मात खाल्ली नव्हती. प्रवासात मुरून ती आणखीच चांगली झाली होती.

इथे आमची अडचण सुरू झाली. पुढच्या वर्षी महालक्ष्म्या जवळ आल्या, तशा काकू देवापुढे हात जोडून उभ्या राहू लागल्या, की यंदा तरी डबा ठेवून घेतला जावा. आणि मागे आम्ही सगळे हात जोडून उभे असू. संदीप माझ्या कानात म्हणायचा, "अबे, काकूचं ऐकलं देवानं, तं आपल्याले काय भेटन?" मला फार अपराधी वाटे. मग भाजीचा वास आठवे.

त्या वर्षी मी काकूंना सुचवलं, की शेजारच्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडून सुरी लावून घ्यावी, म्हणजे मोठ्या बाईंना बोलायला जागा राहणार नाही. काकू पीठ मळत होत्या. त्यांनी हात थांबवला. "काहून? मागच्या साली तू लावली तं कोहळं बाटलं काय? ते तुह्याच वावरातलं होतं." त्यांनी पुन्हा मलाच सुरी दिली. वर बजावलं, "सुरी तूच लावली म्हणून सांगजो. तिनं नाही विचारलं तरी सांगजो."

मी सांगितलं. मोठ्या बाईंनी डबा परत पाठवला. मला जेवू घातलं. निघताना त्या म्हणाल्या, "तिले म्हण, एवढे पोट्टे पोसते, स्वतः टायमावर जेवते का?" मी हा निरोप दिला, तेव्हा काकू म्हणाल्या, "तिले सांग, तू अगोदर तुह्या भाजीतला गूळ कमी कर." या सांगासांगीत माझी तीन वर्षं गेली. दोघी एकमेकींची सगळी विचारपूस माझ्याकडून करत, पण डबा काही त्या उंबऱ्याच्या आत गेला नाही. तिसऱ्या वर्षी मी उंबऱ्याशी पोचलो, तर मोठ्या बाई माझ्यासाठी पाट आधीच मांडून बसल्या होत्या. मला आशा वाटली. पण त्यांनी डब्याकडे पाहून मान हलवली, आणि म्हणाल्या, "बस. जेवून घे."

मी बी.ए. झालो आणि पुढच्या शिक्षणासाठी अमरावतीला निघालो. काकूंच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या हाती एक कोहळं दिलं. मी म्हणालो, "काकू, मला भाजी येत नाही." त्या म्हणाल्या, "सुरी तं लावता येते ना? अर्धं काम झालं तुह्यं." अमरावतीच्या खोलीत मी ती भाजी करून पाहिली. चमच्यानं ढवळली, आणि तिचं पिठलं झालं. माझा खोलीतला सोबती म्हणाला, पिठलं चांगलं झालं आहे.

पुढच्या महालक्ष्म्यांना डबा कोण नेईल, याची मला काळजी होती. संदीप अजून मेसवरच होता, कारण त्याचे दोन विषय राहिले होते. सण होऊन गेला तरी त्याचा काही निरोप आला नाही. मी धरून चाललो, की डबा परत आला असणार आणि मुलं खाऊन झोपली असणार. मग एका संध्याकाळी खाली घरमालकांच्या फोनवर माझ्यासाठी फोन आला. पलीकडून संदीप.

"डबा गेलाच नाही लेका यंदा," तो म्हणाला. "मोठ्या बाईचाच निरोप आल्ता. त्यायच्या पोरायले पुण्याहून याले सुटी नाही भेटली. काकूच्या दिराचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यावर पट्टी, वाकाचं नाही म्हणे. कोहळ्याले सुरी लावाले घरात माणूस नाही. तुह्या मेसमधलं एखादं पोट्टं घेऊन ये म्हणे."

"शेजारी कोणी नव्हतं का?" मी विचारलं.

"शेजारी हायेत ना, गल्लीभर हायेत. काकूलेही मालूम होतं ते. निरोप ऐकला आन् पदरानं तोंड पुसत आतमधी गेली. बाहेर आली ते साडी बदलूनच."

"मग कोणाला नेलं?"

"सगळ्यायले. एसटीत मेसचे पोट्टेच पोट्टे. मोठ्या बाई दारात उभ्या. म्हणे, मी एक सांगतला होता. काकू म्हणे, एक आणला असता तं बाकीचे उपाशी राह्यले असते. मंग मोठ्या बाईनं काकूचा हात धरला आन् आतमधी घेऊन गेल्या."

मग मी विचारलं, "आणि सुरी कोणी लावली? तू?"

"तेच तं झालं ना बे. मी म्हणलं मी लावतो, पांढरकवडावाला म्हणे मी लावतो, दिग्रसवाल्यानं तं कोहळंच उचलून घेतलं. आमचं भांडण पेटलं. नैवेद्याले उशीर होऊन राह्यलता. मोठ्या बाई उठल्या, दिग्रसच्या हातातून कोहळं घेतलं, सुरी घेतली आन् खचकन मधोमध कापलं. आम्ही पाह्यतच राह्यलो."

"मोठ्या बाईंनी? स्वतः?"

"स्वतः. फोडीही त्यायनंच केल्या."

"आणि काकू? काकू काही बोलल्या नाहीत?"

"बोलल्या ना," संदीप म्हणाला. "एक फोड उचलून पाह्यली आन् म्हणे, बाई, लय बारीक केल्या व."