विश्रामबाबांच्या डाव्या हातासाठी

फोन आला तेव्हा मी डिचोलीच्या कोर्टात, वकिलांच्या खोलीत डबा उघडत होते. पलीकडे विश्रामबाब होते, मामाचे केरीचे मित्र. पक्षाघातापासून त्यांचे शब्द अडखळत येतात, म्हणून क्षणभर मला वाटलं, ते हसतायत. "बाये, रोहिदास गेलो गो... सकाळी उंडो खाल्ल्यान, च्या घेतल्यान, कदेलार बसलो आणि गेलो. कोणाक तरास म्हणून दिल्यान नाय." मामीने पहिला फोन मला नाही, त्यांना केला होता. त्यात मला वावगं काहीच वाटलं नाही. त्याला आता दीड महिना झाला, आणि मामाबद्दल लिहायला बसले की रडण्याऐवजी हसूच येतं.

रोहिदासमामा पाळी गावचा. उभा जन्म खाणीवरच्या यंत्रांचा इलेक्ट्रिशियन. बंद पडलेली वस्तू दिसली की त्याचा चेहरा उजळायचा. चालू वस्तू दिसली तरी तसाच उजळायचा. माझ्या साखरपुड्याला सासरच्यांनी गाणं वाजवणारं भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं. पाहुणे पानावर बसले आणि मामाने ते उघडलं. "एवढां गाणां खंय लपवल्यानी तां बघतंय," म्हणाला. परत जोडून दिलं तेव्हा ते तासातासाला वाजायचं सोडून दर पाच मिनिटांनी वाजू लागलं. आई लाजेने लाल झाली. सासूबाई मात्र आजही ती गोष्ट पोट धरून हसत सांगतात.

विश्रामबाब तेरेखोल नदीवर फेरीबोट चालवायचे. बोटीच्या वायरिंगच्या कामाला म्हणून मामा एकदा तिकडे गेला आणि माशाच्या हुमण-भाताला थांबला, तो पुढे दर रविवारी थांबतच राहिला. निवृत्तीनंतर विश्रामबाबांना झटका आला आणि उजवा हात गेला. मग ते जनेलापाशी बसून खिडकीतून नुसती नदी बघायचे. बोलणं जवळजवळ संपलं. पेडण्याच्या पठारावर विमानतळ झाल्यापासून डोक्यावरून विमानं जाऊ लागली होती. एका दुपारी एक विमान दिसेनासं होईपर्यंत बघून ते मामाला म्हणाले, "एक दिवस तरी परत काय तरी हाकूक व्हयां होता रे. बोट नाय तर नाय." मामा त्या दिवशी जेवायला थांबला नाही.

त्याच्या शेजारचं कुटुंब परदेशी गेलं होतं. जाताना त्यांनी संगणकावर विमान उडवायच्या खेळाचा एक जुना संच मामाला देऊन टाकला होता: विमानाचं असतं तसं सुकाणू, वेग वाढवायचा दांडा आणि पायाखालच्या दोन पट्ट्या. सुकाणू डाव्या हाताने धरता आलं असतं, पण मग दांडा कोण ओढणार? ते काम डाव्या पायाच्या पट्टीला द्यायला हवं होतं. कंपनीचा प्रोग्राम तशी अदलाबदल करू देत नव्हता, आणि नव्या संगणकावर तर तो चालतच नव्हता. मामाने कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की ती वस्तू आम्ही आता बनवत नाही, तिची आतली माहिती देणार नाही, आणि आमचा प्रोग्राम उलगडून बघणं हा कराराचा भंग ठरेल.

ते पत्र घेऊन तो माझ्याकडे आला. "बाये, माझ्याच घरातल्या वस्तूक 'तू काय बोलतंस' असां विचारूक बंदी असता?"

मी चार दिवस कायदा वाचला. आपल्याकडे प्रोग्रामची नक्कल करायला मनाई आहे. पण आपला स्वतंत्र प्रोग्राम त्याच्याशी जुळवायला लागणारी माहिती दुसरीकडून सहज मिळत नसेल, तर ती शोधून काढायला कायद्यात वाव आहे. मात्र करारातली ती अट कोर्ट किती मानेल, हे मला छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. म्हणून मी नियम घातले. कंपनीचा प्रोग्राम आतून उघडून बघायचा नाही. फक्त तारेतून जे आकडे जातात-येतात ते ऐकायचे. रोज काय केलं ते तारीख घालून वहीत लिहायचं. कंपनीचं नाव, चिन्ह कुठे वापरायचं नाही. मामाचा चेहरा पडला. "म्हणजे तू माका चोर म्हणतंस?"

"नाही रे. तू चोर नाहीस हे दाखवता यावं म्हणून."

काम सुरू झालं आणि पहिल्याच पायरीवर अडलं. संगणकाने आधी काहीतरी ठरावीक निरोप पाठवल्याशिवाय संच जागाच होत नव्हता, आणि तो निरोप कोणाला ठाऊक? तीन आठवडे गेले. विश्रामबाब दर रविवारी मुलाच्या गाडीतून पाळीला यायचे, डावा हात सुकाणूवर ठेवायचे आणि परत जायचे. तेवढ्यात इंटरनेटवरच्या कोणा अनोळखी माणसाने मामाला एक फाइल पाठवली: कंपनीचा मूळ प्रोग्राम, कुठून तरी बाहेर पडलेला. त्यात सगळं उत्तर होतं. मामाचा फोन आला. "उघडू?"

"उघडलीस तर वही फाडून टाक. मग तिला अर्थ राहणार नाही."

"तुका कायदो दिसता. माका विश्राम दिसता," म्हणाला आणि फोन ठेवला. फाइल न उघडता त्याने पुसून टाकली, हे मला मामीकडून कळलं. माझ्याशी तो आठ दिवस बोलला नाही. मीही त्या आठ दिवसांत नीट जेवले नाही... एका माणसाचं सुख अडवून मी नियम सांभाळत बसले नाही ना, हा प्रश्न सारखा छळत होता.

नवव्या दिवशी मामा स्वतःच कोर्टाच्या फाटकाशी उभा. साखळी गावातल्या एका झेरॉक्सवाल्याकडे पंधरा वर्षांपूर्वीचा संगणक धूळ खात पडला होता. संचाबरोबर आलेली सीडी त्याच्यावर चालली! मामाने मधल्या तारेवर कान लावला आणि तो पहिला निरोप पकडला. "आठच आकडे गो! 'ऊठ' म्हणूक आठ आकडे!" फाटकातल्या पोलिसालाही त्याने तेच ऐकवलं.

त्यानंतरचे रविवार म्हणजे सणच होते. विश्रामबाब एकेक बटण दाबायचे, मामा बदललेला आकडा ओरडून सांगायचा, मी वहीत लिहायचे. पायाची पट्टी मात्र फसवत होती. दाबत नेली की आकडा दोनशे पंचावन्नपर्यंत चढे आणि एकदम शून्यावर येई. मामा डोकं धरून बसला. विश्रामबाब कितीतरी वेळ पडद्याकडे बघत होते. मग सावकाश म्हणाले, "बोटीच्या मीटरासारखां असतला. ह्यो आकडो भरलो काय शेजारचो एक घर पुढें. शेजारचो बघ." शेजारचा बघितला. तेच होतं! मामाने उठून त्यांचा मुका घेतला, आणि विश्रामबाब झटक्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने हसले.

पहिलं उड्डाण पेडण्याच्या पठारावरून झालं. पडद्यावर तेरेखोल नदी आली, किल्ला आला. विश्रामबाब आपला फेरीचा धक्का शोधायला इतके खाली उतरले की विमान थेट समुद्रात! "भिया नाका," ते म्हणाले, "पायलटाक पोवूक येता!"

मामाने स्वतः लिहिलेला प्रोग्राम इंटरनेटवर सर्वांसाठी ठेवला. दोन महिन्यांनी कंपनीचं पत्र आलं: काढून टाका. मी वहीच्या प्रती पाठवल्या आणि नम्रपणे विचारलं, यातली कोणती ओळ तुमची आहे ते दाखवा. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. हा प्रोग्राम आमचा नाही, एवढं स्पष्ट लिहा, म्हणजे झालं. मामाने ते वाक्य इतक्या आनंदाने आणि इतक्या ठळक अक्षरांत घातलं की मामी म्हणाली, "लग्नाची पत्रिका छापतास काय?"

विश्रामबाबांची नजर आता अधू झाली आहे. विमान उतरताना पडद्यावरचे उंचीचे बारीक आकडे त्यांना दिसत नाहीत. म्हणून शेवटची दोन वर्षं मामा शेजारी बसून ते मोठ्याने वाचून दाखवायचा. गेल्या रविवारी मी पाळीला गेले, तेव्हा विश्रामबाब आले होते. संच लावलेला, डावा हात सुकाणूवर, आणि शेजारचं मामाचं कदेल, त्याची ती खुर्ची, रिकामं. मामी स्वयंपाकघरातून आली. या खेळाकडे तिने कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मामाच्या कदेलावर बसली, त्याचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाली, "उडवा, भावजी. मी वाचतंय."

ती वाचत गेली. पाचशे... तीनशे... मध्येच एक आकडा चुकला, मग सावरला. शंभर. पन्नास. विमान जरा उसळून पठारावर टेकलं आणि हळूहळू थांबलं.

"वहिनी, उतरलंव," विश्रामबाब म्हणाले.

मामीने चष्मा काढून पदराने पुसला, आणि परत डोळ्यांवर चढवला. "आता परत वर न्या," म्हणाली, "माका नदी बघूची आसा."